दुकानदाराला वाजवू देऊ नकोस

१२ जानेवारी

भुंग्या,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तू ते आल्या पावली परत पाठवशील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तू गिटार घेणार आहेस असं आईकडून कळलं. शिकवण्या करून साठवलेल्या स्वतःच्या पैशांनी घेणार आहेस, हेही कळलं. मला कुणी विचारलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण न विचारता सल्ला देणं हे बापाचं कामच असतं, आणि मी वर्षातला बहुतेक काळ समुद्रावर असल्यामुळे माझ्याकडे बराच सल्ला नुसता पडून आहे.

फोन का नाही केला, असं विचारू नकोस. जहाजावर रेंज येते ती फक्त पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीशेजारी. तिथे उभा राहून मी तुला कितीदा तरी फोन लावला. तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी त्या वाऱ्यात माझं 'हॅलो हॅलो'च ऐकू आलं असतं. तेव्हा पत्र बरं. पाणी घेऊन येणारा बोटवाला ते किनाऱ्यावर पेटीत टाकतो.

आता तू म्हणशील, जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनला गिटारमधलं काय कळतं? काहीएक नाही. माझं ज्ञान तारांपुरतं, आणि त्याही ज्यांना हात लावू नये अशा तारा. पण आमच्या आचाऱ्याला कळतं. त्याची गिटार स्वयंपाकघरात झाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. तेलाची वाफ, खारा वारा, इंजिनाची थरथर, सगळं सोसून ती अजून सुरात आहे. मी त्याला विचारलं, "कमी पैशांत चांगली गिटार कशी ओळखायची?" तो पीठ मळत होता. हात न थांबवता म्हणाला, "पोरीला सांग, दुकानदाराला वाजवू देऊ नको."

"का बरं?"

"त्याचा हात बसलेला असतो. तो वाजवील तर झाडूसुद्धा गाईल. मग पोरगी घरी येईल झाडू घेऊन."

तर ते लक्षात ठेव. वाईट वाजलं तरी चालेल, पण तू स्वतः वाजव. मग गिटार उचल, एक डोळा मिट आणि डोक्याकडून पोटाकडे दांडीवरून नजर टाक, सुतार फळीवरून टाकतो तशी. दांडी पिळलेली असेल तर ती जागच्या जागी ठेव आणि बाहेर पड. मग तारेच्या मधोमध, दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, तार आणि लाकूड यांच्यात किती फट आहे ते बघ. एकावर एक दोन नाणी जेमतेम सरकतील इतकीच हवी. जास्त असेल तर तार दाबताना बोटं सोलून निघतात. आचारी म्हणतो, निम्मे लोक त्यामुळेच सोडतात. गिटार वाईट असते आणि माणूस शिव्या देतो स्वतःला.

सगळे पैसे गिटारवर उडवू नकोस. थोडे मागे ठेव, नव्या तारांसाठी आणि फट नीट करून देणाऱ्या कारागिरासाठी. आणि निळी घेऊ नकोस. रंगाखाली काय दडवलंय ते कळत नाही. आमचं जहाजही निळंच आहे.

माझं काम जरा लांबलंय. मालकाची काही कागदपत्रं राहिलीत, म्हणून बंदराबाहेर नांगर टाकून उभे आहोत. बाकी मजेत. जेवण उत्तम.

बाबा

२ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं उत्तर पोचलं. "मला विचारायचं असतं तर मी गिटारवाल्याला विचारलं असतं." एवढंच वाक्य, आणि खाली बारीक अक्षरात, "सॉलिड टॉप म्हणजे काय? दुकानदार सारखं तेच घोकतो." वरचं वाक्य मी एकदा वाचलं, खालचं पुन्हा पुन्हा. बोटवाल्याला वाटलं मला लॉटरी लागली.

सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची. नाहीतर प्लायची असते. पोटाला जे गोल भोक असतं त्याच्या कडेवर बघ. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर एकसंध, थर दिसले तर प्लाय. दुकानदाराच्या तोंडाकडे बघून हे कळत नाही.

आता तू म्हणशील, मग एकसंधच घ्यावी. मीही तेच म्हणालो. आचारी हसला. म्हणाला, "आवाज गोड येतो, पण नखरेलही तेवढीच. हवा कोरडी झाली की आकसते, दमट झाली की फुगते, आणि एक दिवस तडकते. स्वस्तातल्या एकसंध लाकडाला वाळायला वेळच दिलेला नसतो. त्यापेक्षा नीट बांधलेली प्लायची घ्यावी. माझी प्लायचीच आहे. मेली नाही अजून."

आणि पिशवी, पट्टा, सूर लावायचं यंत्र, पुस्तक, सगळं गिटारबरोबर फुकट, असं जे दुकानदार म्हणतोय, त्याला माझा नमस्कार सांग. पिशवीचे पैसे गिटारच्या अंगातून कापलेले असतात. आईने एकदा फुकट बरण्यांसाठी चहा घेतला होता, आठवतं का? बरण्या अजून आहेत. चहा पाहुण्यांनाही देता आला नाही.

इकडे ठीक. गॅस जपून वापरतो म्हणून एकदाच शिजवतो आणि दोनदा जेवतो. जनरेटर थोडा वेळच लावतो, तेल पुरवायचंय. काही मंडळी घरी गेली. कॅप्टनही गेला, त्याची वर ओळख होती. आता आचारी आणि मी, दोघेच. एवढं मोठं जहाज, माणशी दहा-दहा खोल्या. राजेशाही आहे म्हण ना.

दुपारी लोखंड इतकं तापतं की आत बसवत नाही, म्हणून सावलीच्या बाजूला बसतो. दुर्बिणीतून किनारा दिसतो. बांधावरून एक बाई रोज कुत्रा फिरवते. कुत्रा तिला फिरवतो म्हणणं जास्त खरं होईल. बसथांब्यावर माणसं उभी असतात आणि बस आली की आत जातात. इतकं साधं काम, पण बघत राहावंसं वाटतं.

पुढच्या पत्रात किती फट निघाली ते लिही. आचारी विचारतो.

बाबा

२६ फेब्रुवारी

भुंग्या,

दातांच्या डॉक्टरची गिटार! आचाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्याने झारा खाली ठेवला. डॉक्टरने हौसेने घेतली, चार दिवस शिकला, आणि आता ती कपाटावर धूळ खातेय. "हीच," तो म्हणाला. "जगात गिटार शिकणाऱ्यांपेक्षा सोडणारे जास्त. सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत स्वस्त माल त्यांच्याच कपाटांवर असतो. डॉक्टर म्हणजे तर पैसे टाकून घेतलेली असणार."

पण डोळे मिटून घेऊ नकोस. तारा ज्या पट्टीला अडकवतात ती पोटावरची घोडी नीट बघ. वर्षानुवर्षं ताणलेल्या तारांनी घोडी मागून उचलली जाते. कागदाचा तुकडा तिच्या मागच्या कडेखाली सरकवून बघ. आत गेला तर नको. खुंट्या फिरवून सूर लाव, मग थोडा वेळ डॉक्टरशी दाढेबद्दल बोल, आणि परत सूर तपास. उतरला असेल तर खुंट्या सैल आहेत. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून ऐक. कुठे झर्र वाजलं तर तिथे खूण कर. एक-दोन ठिकाणचं कारागीर काढतो. सगळीकडे वाजलं तर डॉक्टरला त्याचे दात लखलाभ म्हणावं.

आता तुझं दुसरं. "आई स्वयंपाकघरात रडत होती. पगार येत नाही का? खरं सांग." हे तू गिटारच्या दोन प्रश्नांच्या मधोमध लिहिलंस, जणू सहज. तू माझीच मुलगी आहेस याबद्दल आता शंका उरली नाही.

खरं सांगतो. पगार बंद आहे. मालकाने बंदराचे पैसे बुडवले, कोर्टाने जहाज जप्त केलं, आणि मालक आता फोन उचलत नाही. तुझ्यासारखाच, फक्त त्याला कारण नाही. जप्तीचं जहाज समुद्रात बेवारस सोडता येत नाही, वाहत जाऊन कुणावर आदळलं तर? म्हणून एक तरी माणूस वर हवाच. बाकीचे सुटले. कोण थांबणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला.

का केला, ते ऐक आणि हसू नकोस. आम्हा जहाजवाल्यांत एक समज आहे की जहाज विकलं गेलं की शेवटपर्यंत थांबलेल्या माणसाचा पगार पहिल्यांदा निघतो. मला वाटलं, चला, बाकीचे मूर्ख, घाईघाईने पळाले, आपण पूर्ण रक्कम घेऊन घरी जाऊ. शहाणपणा केला मी. आचाऱ्याला म्हणालो, तूही थांब. तो म्हणाला, "अरे, पिंजऱ्याचं दार लावायला उंदराला कुणी बक्षीस देतं का?" त्याचा रक्तदाब वाढलाय, घरी पाठवा असं बंदराच्या डॉक्टरचं पत्र मिळालंय. गुरुवारच्या बोटीने तो जातोय.

त्याला किनाऱ्यावरून बरी भाजी आणि अंडी पाठवायला सांगितलं आहे. तू काळजी करू नकोस.

बाबा

१८ मार्च

भुंग्या,

माझा फोन गेला. खारी हवा लागून बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उघडून बाहेर आली. मी इलेक्ट्रिशियन आहे हे तिला सांगून पाहिलं, तिने ऐकलं नाही. त्यामुळे आईला सांग, मी रुसलेलो नाही.

आचारी गेल्यापासून जहाज कसं झालंय ते सांगू? आधी जे आवाज त्याच्या गिटारमागे लपायचे ते सगळे आता ऐकू येतात. कुठेतरी एक दार आपटतं. मी ते शोधून बांधून टाकलं, तर दुसरं आपटायला लागलं. दिवसभर गंज खरवडतो. कुणी सांगितलेलं नाही, पण नाही खरवडला तर मी बसथांब्याकडे बघत बसतो आणि मग संध्याकाळ वाईट जाते. परवा मी त्या कुत्र्याला इथून शीळ घातली. ऐकू जाणं शक्यच नाही, तरी घातली.

जहाजाचं किनाऱ्यावरचं काम बघणारा एक एजंट आहे, तो बोटीतून आला तेव्हा त्याला मी स्पष्टच म्हणालो, मला उतरू दे. तो म्हणाला, "कोर्टाच्या लेखी तुम्हीच या जहाजाचे रखवालदार. बदली आल्याशिवाय उतरलात तर पळून गेलात असं धरतील." पासपोर्ट त्याच्याकडे आहे. किनारा इतका जवळ आहे की चपला हातात घेऊन चालत जावं असं वाटतं. मला पोहता येतं, पण कागदांतून पोहून कसं जायचं?

पहिल्या पत्रात मी 'बाकी मजेत, जेवण उत्तम' असं लिहिलं होतं. तेव्हा मी तुझ्यासमोर दुकानदारासारखा बसून जहाज वाजवून दाखवत होतो. माझा हात बसलेला आहे. इतकी वर्षं आईला आणि तुला तसंच वाजवून दाखवलं. आता तू स्वतः दाबून बघितलंस म्हणून झर्र ऐकू आलं.

आणि मग तुझं हे पत्र. ते मी वरच्या खिशात ठेवलंय, म्हणून पाठ झालंय. "घोडी ठीक आहे. फट ठीक आहे. दांडी सरळ आहे की नाही ते मला कळत नाही. मला सगळ्याच वस्तू सरळ दिसतात. डॉक्टरांना सांगितलंय, एप्रिलच्या मध्यापर्यंत कुणाला देऊ नका. तू ये आणि दांडी बघ. तोवर मी घेत नाही."

भुंग्या, तू मला 'ये' म्हणालीस याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजलं तर रडू येईल, आणि इथे रडणाऱ्याला कुणी गप्प करायला नाही. मागच्या खेपेला दारात तू म्हणाली होतीस, "आता कधी येणार ते मला सांगू नकोस, आल्यावर आई सांगेल." मी ते वाक्य घेऊनच जहाज चढलो.

बदलीसाठी मी एजंटाच्या मागे हात धुऊन लागलोय. रोज बोटवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवतो. काल एजंटाचा उलट निरोप आला, एक माणूस मिळेल बहुतेक. मला यायचंय. एवढं साधं वाक्य मी आजवर तुला लिहिलं नव्हतं. मला घरी यायचंय.

बाबा

३० मार्च

भुंग्या,

मिळाला! एक वेल्डर तयार झालाय, परवा येतो. तो चढला, त्याची सही झाली की मी उतरलो. दोन दिवस कागदपत्रांत जातील, मग घर.

बॅग भरून झाली. पुन्हा उपसली, पुन्हा भरली. दाढी केली, त्याला पाणी जास्त लागलं, लागू दे. डॉक्टरला सांग, दांडी बघणारा येतोय. काही पैसे कमी पडले तर तू माझ्याकडे मागणार नाहीस हे माहीत आहे, आणि मागितलेस तरी माझ्याकडे नाहीत. पण डोळा आहे. एक मिटता येतो, एक उघडा ठेवता येतो.

आईला सांग, स्टेशनवर येऊ नको, मी येतो. नको, येऊ दे.

बाबा

२ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र लिहायला मी सकाळपासून बसलोय आणि अजून जहाजावरच बसलोय. यावरूनच तुला कळलं असेल. पण का, ते पूर्ण वाच. मध्येच फाडू नकोस.

काल बोट आली. एजंट बोटीतच थांबला, शिडी गंजलेली आहे म्हणून तो कधी वर येत नाही. वेल्डर वर आला. तिशीतला असेल, धट्टाकट्टा, हसरा. मला 'साहेब, साहेब' म्हणत होता. मी त्याला पाण्याची टाकी दाखवली, जनरेटर कसा चालू करायचा ते दाखवलं, कुठली खोली कमी तापते ते सांगितलं. त्याने आपली बॅग उघडली. आत दोन इस्त्रीचे शर्ट होते, आणि पॉलिश केलेले बूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एकेक काढून त्याने बिछान्यावर मांडले आणि विचारलं, "साहेब, संध्याकाळी गावात जायची बोट किती वाजता असते?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "विचारून सांगतो."

हेच म्हणालो. त्याला काय सांगून आणलंय ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. शांत समुद्र, हलकं काम, संध्याकाळ मोकळी. तरी सही कुठे करायची ती जागा मी बोट ठेवून दाखवली, आणि त्याने ती केली. मग बॅग खांद्याला लावली आणि शिडी उतरायला लागलो. खाली एजंट माझा पासपोर्ट हातात धरून बसला होता. इतक्या जवळून मी तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

दोन-तीन पायऱ्या उतरलो असेन. वरून तो कठड्यावर वाकला आणि म्हणाला, "साहेब, तेवढं रजेचंही विचारा. बायकोचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला येतो म्हणून सांगून आलोय."

मला राग आला. आधी त्याचा. गाढवा, हे मी उतरल्यावर विचारायचं होतंस. मग एजंटाचा. आणि मग तुझा, भुंग्या. तू नसतीस तर मी खुशाल उतरलो असतो. तुझ्या जन्माच्या वेळी मी कुठल्या समुद्रात होतो ते आईने तुला सांगितलंच आहे. त्या वेळी मलाही कुणीतरी सांगितलं होतं की महिन्याभरात सोडतील. सांगणारा माणूस बॅग खांद्याला लावून घाईत होता.

मी वर चढलो. त्याला सगळं सांगितलं. गावात जायची बोट नसते, रजा नसते, तुझी बदली यायला सहा महिने लागतील की दोन वर्षं ते कुणालाच माहीत नाही. तो आधी हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याने बूट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. गुंडाळी जमेना. मी गुंडाळून दिले. सहीचा कागद मीच फाडला. एजंट खालून ओरडत होता, "आता सडा तिथे! मी दुसरा माणूस शोधणार नाही." बोट गेली तेव्हा वेल्डर मागे वळून बघत होता. मीही बघत होतो, पण त्याच्याकडे नाही. एजंटाच्या खिशाकडे.

मी कुणी संत झालो असं समजू नकोस. बोट दिसेनाशी झाल्यावर मी माझ्याच बॅगेला लाथ घातली. काल दिवसभर मला पश्चात्ताप होत होता. आजही होतोय, हे लिहितानासुद्धा. त्याचं बाळ त्याचं आहे, माझी मुलगी माझी आहे, मी कशाला मध्ये पडलो? हा प्रश्न उद्याही सुटणार नाही.

एक खलाशांची संघटना आहे, तिचा पत्ता बोटवाल्याने आणून दिलाय. त्यांना लिहितोय. पत्ता या पत्राच्या मागे लिहिलाय, तो आईलाही दे, तिने तिकडून लिहावं. हे आता लपवायचं नाही.

गिटार तू घेऊन टाक. डॉक्टरला तिष्ठत ठेवू नकोस. दांडी तुझी तूच बघ. खिडकीत उभी राहा, म्हणजे उजेड तारांवरून सरळ येईल, आणि दांडीकडे न बघता तारेकडे बघ. ताणलेली तार नेहमी सरळच असते, तिच्या शेजारी दांडीचा बाक आपोआप दिसतो. हे मला आचाऱ्याने सांगितलेलं नाही, मी परवा दोरी ताणून जहाजाच्या कठड्यावर करून पाहिलं. कठडा वाकडा आहे.

मी येणार नाही. कधी येईन ते मला माहीत नाही. तू रागावशील, आणि तुझा राग बरोबर असेल. पण या वेळी मी का आलो नाही, ते तुला आईकडून कळत नाहीये. मी सांगतोय.

बाबा